तड्याला थांबायला जागा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दिवाणखान्यात 'कट्‌' असा आवाज झाला आणि स्वयंपाकघरात चाललेली सुरी जागच्या जागी थांबली.

"अहो, काय मोडलं?"

"काही नाही."

"काही नाहीचा आवाज असा नसतो."

"तार ओढत होतो. तारेचा आवाज."

"तार टण्णकन वाजते. हा हाडाचा आवाज होता. तुमचं हाड की होडीचं, तेवढं सांगा, म्हणजे मलम आणायचं की नाही ते ठरवते."

दिवाणखान्यात तपासनीस हातात पक्कड धरून उकिडवे बसले होते. कोच भिंतीला उभा टेकवलेला, गालिचा गुंडाळून कपाटावर आणि मधोमध होडी. प्लायवूडच्या चार लांब फळ्या, जाडी सहा मिलीमीटर. कडांना भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवलेल्या. पुढचे टोक निमुळते होते तिथे फळी सगळ्यात जास्त वाकायला हवी होती. तपासनिसांनी शेवटची तार पिळली, फळी वाकली, आणखी वाकली, आणि मग तिने आपले म्हणणे एका शब्दात मांडले.

हे तपासनीस म्हणजे तळ्याच्या धक्क्यावरचे निवृत्त होडी-तपासनीस. एकतीस वर्षे त्यांनी एकच काम केले. होड्या पाण्याबाहेर ओढून ओळीने पालथ्या घातलेल्या असत. हे लहानशी हातोडी घेऊन त्यांच्या पोटावर टकटक करत जात, कान लावून ऐकत, आणि मन भरले नाही की खडूने ठसठशीत अक्षरांत 'नापास' लिहीत. मन सहसा भरत नसे. संध्याकाळी जेवताना ते दिवसभरातल्या तड्यांची, भोकांची आणि सैल खिळ्यांची कथा लावत. त्यांच्या पत्नी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत, म्हणून सारा गाव त्यांना शिवणाच्या बाई म्हणे. बाई ती कथा रोज भक्तिभावाने ऐकत. श्रवणाचे फळ असे मिळाले की तळ्याकाठी सदतीस वर्षे संसार करूनही बाई एकदाही होडीत बसल्या नाहीत.

इथपर्यंत काही बिघडले नव्हते. पण बाईंची थोरली बहीण पलीकडच्या काठावर राहत होती. पाण्यावरून पाऊण तास. रस्त्याने डोंगराला वळसा घालून पाच तास, आणि बाईंच्या पाठीला गाडीचे धक्के डॉक्टरांनी साफ बंद केलेले. दोन वर्षे बहिणी फोनवरच एकमेकींना बघत होत्या. आता ताई येत्या सोमवारी मुलाकडे दूरदेशी निघाली होती, कायमची. ऐंशीला टेकलेले माणूस तिथून परत येत नाही, हे दोघींनाही कळत होते आणि दोघीही ते बोलत नव्हत्या.

बाकीचे लोक होडीने रोज ये-जा करत. पण त्या होड्या तपासनिसांनी आधी नापास करून, डागडुजीनंतर नाइलाजाने पास केलेल्या. "नाइलाजाच्या होडीत मी बसायची नाही," बाई म्हणत. "तुम्ही मनापासून पास कराल, त्या होडीत बसेन." तशी होडी या काठावर नव्हती. म्हणून तीन महिन्यांपूर्वी तपासनीस स्वतःच बांधायला बसले होते.

बाई हात पुसत बाहेर आल्या, तेव्हा तपासनीस तड्यावर पट्टी धरून मोजत होते. तडा वीतभर. त्यांनी हातोडीने टकटक केले, कान लावला, मान हलवली, खिशातून खडू काढला आणि काही कळायच्या आत हाताने एकतीस वर्षांच्या सवयीने लिहूनसुद्धा टाकले: 'नापास'.

मग दोघे नवरा-बायको त्या अक्षरांकडे बघत राहिले.

"हे काय केलंत हो?"

"मी नाही केलं," तपासनीस पडेल आवाजात म्हणाले. "हातानं केलं."

"आज मंगळवार आहे. ताई सोमवारी जाणार."

"माहीत आहे मला."

"टाका इतका आवळल्यावर कापड फाटणारच. माझ्याकडच्या सातवीतल्या मुलींनाही कळतं हे."

"हे कापड नाही गं!"

"शिवलंय ना? मग कापडच."

तपासनीस एका पुस्तिकेबरहुकूम होडी बांधत होते. तीत फळी फाटली तर काय करावे हे असणार, असे म्हणून त्यांनी ती पुन्हा चाळली. नुसते वाचत जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुस्तिका आणली त्या दिवशीच त्यांनी लाल पेन्सिल घेऊन ती तपासली होती. चौदाव्या पानावरही छापणाऱ्याने 'तेरा' हाच आकडा टाकला होता. एका पुस्तकात दोन तेरा! तपासनिसांनी दुसऱ्या तेरावर आडवी रेघ मारून ते पान बाद केले होते, आणि बाद केलेली वस्तू वापरायची नाही हा नियम असल्याने ते वाचलेच नव्हते. आजही त्यांनी ते ओलांडले. पंधराव्या पानावर फक्त शेवट होता: '...आणि वरून सपाट, जड वजन ठेवून एक दिवस थांबावे.'

एवढे पुष्कळ झाले. रेझिन आणि हार्डनर असे दोन बाटल्यांतले रसायन एकत्र घोटून त्यांनी गोंद केला आणि त्याने तडा भरला. आतून प्लायचा एक तुकडा ठिगळासारखा लावला. हात लागलाच आहे तर टोकाचा सांधाही भरून टाकला. प्रश्न वजनाचा होता. घरात सपाट बुडाची, जड आणि त्या अडचणीच्या कोपऱ्यात बसेल अशी एकच वस्तू होती. बाईंचे ओतीव लोखंडी शिवणयंत्र.

"माझं यंत्र?" बाई म्हणाल्या. "ताईसाठी गरम कोट शिवतेय मी. अजून बाही लागायची आहे."

"एक दिवस फक्त. उद्या सकाळी तुझं यंत्र तुला."

बुधवारी सकाळी तपासनिसांनी चिमटीने गोंद तपासला. दगड! त्यांचा चेहरा उजळला. टोकाच्या तारा आता नकोत म्हणून त्यांनी त्या कातरून टाकल्या आणि यंत्र उचलले. यंत्र उचलले गेले. त्याच्याबरोबर होडीही उचलली गेली.

त्यांनी यंत्र हलवले. होडी हलली. डावीकडे ओढले, होडी डावीकडे आली आणि कोचाला टेकली.

"झालं का माझं यंत्र?" आतून आवाज आला.

"झालं आहे," तपासनीस म्हणाले. "होडीचं झालं आहे."

बाईंनी येऊन पाहिले. ठिगळाच्या कडेने बाहेर आलेला गोंद यंत्राच्या बुडाखाली जाऊन असा काही बसला होता, की दोघांची जन्मगाठ वरूनच बांधून आली असावी. आता मात्र तपासनिसांनी मनाचा हिय्या करून बाद झालेले दुसरे तेरावे पान उघडले. पहिलीच ओळ: 'फळी वाकवण्यापूर्वी गरम पाण्यात भिजवलेले पंचे तिच्यावर तासभर गुंडाळून ठेवावेत, अन्यथा ती तडकते.' आणखी खाली: 'गोंद आणि वजन यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालण्यास विसरू नये, अन्यथा वजन चिकटते.'

"काय म्हणतंय पान?" बाईंनी विचारले.

"पानाचा आकडा चुकलेला आहे," तपासनीस म्हणाले.

बाटलीवर 'उष्णतेपासून दूर ठेवा' असे छापले होते. त्यावरून तपासनिसांनी तर्क केला की उष्णतेने गोंद मऊ पडत असावा, आणि तर्क अगदी बरोबर होता. त्यांनी कपड्यांची इस्त्री तापवून होडीच्या बाहेरून फिरवायला घेतली. बाई यंत्राची मूठ धरून बसल्या. दहाव्या मिनिटाला यंत्र सुटले, बुडाला प्लायची एक साल घेऊन. बाईंनी ते लेकरासारखे पोटाशी धरले.

पण इस्त्रीला कुठे माहीत, कोणता गोंद मऊ करायचा आणि कोणता नाही ते! टोकाचा सांधाही मऊ पडला होता, आणि त्याला धरायला तारा उरल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या फळ्या काल सकाळपासून श्वास रोखून वाकून उभ्या होत्या. त्यांनी तो सोडला. 'फाट्‌' असा आवाज झाला, ठिगळ उडून कपाटावरच्या गालिच्यावर पडले आणि होडीने भली मोठी जांभई दिली. वीतभर तडा आता हातभर झाला होता.

बाईंनी पोटाशी धरलेले यंत्र खाली ठेवले.

"मिस्त्रींना बोलवा," बाई म्हणाल्या.

"त्याला? अजिबात नाही!"

धक्क्यावरचे मिस्त्री चाळीस वर्षे होड्या बांधत होते. त्यांची एकच होडी तपासनिसांनी सतरा वेळा नापास केली होती. असा माणूस आपल्या दिवाणखान्यात येऊन ही जांभई बघणार, या कल्पनेनेच तपासनिसांच्या अंगावर काटा आला.

"माणसानं थोडी तरी लाज बाळगायची असते गं."

"बाळगा तुम्ही. मी फोन केलाय. उद्या सकाळी येतायत."

"केव्हा केलास?"

"काल. 'कट्‌' ऐकलं तेव्हाच."

गुरुवारी मिस्त्री आले. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, कानावर पेन्सिल. दारातच त्यांनी चपला काढल्या, होडीभोवती एक फेरी घातली आणि खडूच्या अक्षरांपाशी थांबले.

"अक्षर ओळखीचं आहे," ते म्हणाले.

तपासनीस खिडकीबाहेर बघू लागले.

"साहेब, एक विचारू? अठरावं 'नापास' बघतोय मी हे. आजवर सतरा नापास माझे. हे तुमचं. असं किती लागतं मनाला?"

"मिस्त्री, तुम्ही हिणवायला आला असाल तर—"

"छे हो! मी एकटाच आहे की काय, असं वाटायचं मला. आज बरं वाटलं." मग ते बाईंकडे वळले. "वहिनी, जुने पंचे द्या असतील तेवढे. आणि पाणी ठेवा, चहाला ठेवता तसं, पण बादलीभर."

त्यानंतर जे झाले ते तपासनिसांनी आयुष्यात पाहिले नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी होड्या फक्त ऐकल्या होत्या. होडीशी कुणी बोलताना पाहिले नव्हते. मिस्त्रींनी आधी ओले फडके तड्यावरून फिरवले आणि नुसते बसून राहिले. फळी वरून वाळत गेली. आणि तडा जिथे संपला असे डोळ्यांना वाटत होते, त्याच्याही पुढे केसाएवढी एक काळसर ओली रेघ उमटली, दोन बोटे लांब.

"पाणी जिथं लपून बसलं तिथवर तडा आहे," मिस्त्री म्हणाले. "वरून दिसतो त्यापेक्षा नेहमी पुढं गेलेला असतो."

तपासनीस नकळत गुडघ्यांवर आले. हातोडी वाजवून वाजवून जे कानाला कधी कळले नव्हते, ते एका ओल्या फडक्याने सांगितले होते.

मिस्त्रींनी पिशवीतून गिरमिट काढले आणि त्या काळ्या रेघेच्या अगदी टोकावर धरले.

"अहो, काय करताय!" तपासनीस ओरडले. "आधीच फाटलीय, त्यात भोक?"

"तडा पळणारी वस्तू आहे, साहेब. त्याचं टोक सुईसारखं असतं, म्हणून जोर पडला की तो पुढं घुसतो. टोकाशी गोल भोक पाडलं की त्याला थांबायला जागा मिळते. मग थांबतो बिचारा." गिरमिट फिरले. भुशाचा चिमूटभर ढीग पडला. "त्यालाही कुठं हौस असते धावायची!"

तपासनिसांना वाटले, आपले हात जोडलेले आहेत. बघितले तर खरेच जोडलेले होते. त्यांनी ते घाईघाईने पाठीमागे नेले.

"पण असं भोक मी कधी पाहिलं कसं नाही?"

"पाहिलंत की. माझ्या होडीवर, नवव्या वेळेला. 'तडा आढळत नाही, परंतु दोन संशयास्पद गोल ठिपके आढळले, सबब नापास.' पाठ आहे मला."

बाई पदर तोंडाशी धरून हसल्या.

तासभर गरम पंचे फळीवर राहिले आणि ती मऊ झाली, रुसलेले माणूस आपणहून मान वळवते तशी. मिस्त्रींनी तडा दाबून बंद केला नाही; उलट अंगठ्याने जरा उघडला, करवतीच्या पातळ पात्याने जुना मऊ गोंद खरवडून काढला आणि फळ्या पुरत्या वाळू दिल्या. मग त्यांनी टोकाच्या भोकांतून नवी तार ओवायला घेतली, तेव्हा बाई पुढे झाल्या.

"मिस्त्री, हे माझ्याकडे द्या."

"बोटं दुखतील, वहिनी."

"छत्तीस वर्षं मुलींचे टाके उसवलेत मी या बोटांनी."

आणि बाईंनी होडी शिवली. प्रत्येक टाका सारख्या अंतरावर, सारख्या ओढीचा. एका बाजूचा अर्धा पीळ, मग दुसऱ्या बाजूचा अर्धा, पुन्हा पहिल्या बाजूचा. फळ्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत. इंचाइंचाने जवळ आल्या आणि टोकाला मिळाल्या. मिस्त्रींनी पान खाल्ल्यासारखे तोंड मिटून ते सगळे बघितले आणि एवढेच म्हणाले, "माझ्याकडे आला असता हा हात, तर सतराचे सात झाले असते."

नवा गोंद तड्यात पाझरवला, प्लास्टिकचा कागद लावला (तपासनिसांनी स्वतः लावला, दोनदा तपासून), आणि वर शिकंजे आवळले. शुक्रवारी आतून नवे ठिगळ बसले, कडा रंध्याने इतक्या उतरवलेल्या की बोटाला पायरी लागू नये; त्यावर फायबरचे कापड आणि गोंदाचा पातळ हात. बाईंनी कोटाची बाही लावली. शनिवारी संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता तुम्ही."

तपासनिसांनी हातोडी घेतली. मागून सुरुवात केली. टक, टक, टक. ठिगळापाशी आल्यावर त्यांनी कान फळीला टेकवला. टक. अख्ख्या होडीत तिथला आवाज सगळ्यात भरीव होता. त्यांनी पुन्हा वाजवले, पुन्हा ऐकले, आणि ओल्या फडक्याने खडूची अक्षरे पुसून टाकली. दुसरे काही लिहिले नाही. खडू खिशात टाकला.

रविवारी सकाळी होडी दाराबाहेर निघाली. दार तपासनिसांनी आधीच तीनदा मोजलेले असल्याने तिथे काही गंमत झाली नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवरून ती पाण्यात उतरली आणि पानासारखी तरंगली. मिस्त्री वल्ह्यांवर बसले. बाईंनी कोटाचे बोचके छातीशी धरले आणि पाऊल उचलले.

"भीती नाही ना वाटत, वहिनी?"

"ही फाटताना मी ऐकलीय, जोडताना पाहिलीय, आणि टाके माझे आहेत," बाई म्हणाल्या. "बाकीच्या होड्यांचं मला काय माहीत?" आणि त्या बसल्या. होडी जराशी डुलली, मग स्थिर झाली. "या हो."

तपासनीस पायरीवर उभे होते. एक पाय पुढे गेला आणि परत आला.

"मी... तुम्ही जाऊन या. धक्क्यावर कुणीतरी हवं."

"कशाला?"

मिस्त्रींनी वल्ही पाण्यातून उचलली. ते तपासनिसांकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडले.

"साहेब, एकतीस वर्षं मी तुम्हाला होड्यांपाशी पाहिलं. सगळ्या काठावर पालथ्या घातलेल्या. पाण्यावरच्या होडीत तुम्ही एकदा तरी पाय ठेवलाय का?"

तपासनिसांनी पायरीवरचे शेवाळ चपलेने खरवडले.

"प्रत्येक होडीत बसायचो मी," तपासनीस खाली बघत म्हणाले. "मनानं. हातोडी मारायची, डोळे मिटायचे, आणि बसून बघायचं. प्रत्येक वेळी बुडायचो."

"म्हणजे माझ्या होडीत सतरा वेळा—"

"सतरा वेळा बुडालो, मिस्त्री."

मिस्त्रींना हसावे की रडावे कळेना. बाई मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"आणि मी इतकी वर्षं समजत होते," त्या म्हणाल्या, "की ही भीती माझी आहे!"

त्यांनी बोचके मिस्त्रींच्या पायाशी ठेवले आणि मोकळा झालेला हात पुढे केला. शिवणाच्या बाईंच्या हाताला नाही म्हणायची सवय गावात कुणालाच नव्हती. तपासनिसांनी डोळे मिटले, हात धरला आणि पाऊल टाकले.

धक्का मागे पडला. तपासनीस होडीच्या तळाशीच बसले होते, दोन्ही तळवे फळीवर टेकून. बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत. तळव्यांखाली सहा मिलीमीटर लाकूड, आणि त्याखाली डोंगराएवढे खोल पाणी. आणि ते पाणी त्या सहा मिलीमीटरला मांजराच्या पिलासारखे अंग घासत चालले होते. काठावर होडी टकटक वाजे. इथे ती वाजत नव्हती, गुणगुणत होती. त्यांनी डोळे उघडले. चारी बाजूंना ऊन सांडले होते आणि त्या उन्हाला बूड नव्हते. पाण्यात आभाळ होते, आभाळात डोंगर उलटा उभा होता, आणि या सगळ्याच्या मधून ते एका ठिगळावर बसून चालले होते. एवढे मोठे सगळे आपल्या घरापासून दहा मिनिटांवर होते! कुणी सांगितले कसे नाही?

"मिस्त्री," ते अगदी हळू म्हणाले, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने.

"काय साहेब? पाणी येतंय?"

"नाही हो. जरा लांबून घेता का? असं सरळ गेलं तर लगेच पोचू."

समोरच्या काठावर पांढऱ्या केसांची एक वाकलेली आकृती काठी उंच करून हलवत होती. बाई अर्ध्या उठल्या, होडी कलली, आणि डाव्या हाताने नवऱ्याचा खांदा आणि उजव्या हाताने होडीची कड पकडून त्यांनी आवाज दिला, तळ्यावरची बगळ्यांची अख्खी रांग उडाली एवढा मोठा:

"ताईऽऽ! आले गंऽऽ!" आणि मग खाली वाकून, दबक्या आवाजात, "लांबून काही घ्यायचं नाही, मिस्त्री. सरळ चला. यांना मग अंधार पडेस्तोवर फिरवत बसा."

"चालेल?" तपासनिसांनी मिस्त्रींना विचारले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांचा आवाज सहा वर्षांच्या पोरासारखा आला होता.